मूल बोलत नाही, म्हणून मराठी बंद?

दोन-अडीच वर्षांचं मूल अजून बोलत नाही म्हटल्यावर हैदराबादेतल्या मराठी घराला जे सल्ले मिळतात, त्यांतला एक फार आत्मविश्वासाने दिला जातो. घरात मराठी, जिन्यात तेलुगू, रस्त्यावर दखनी आणि नर्सरीत इंग्रजी, एवढ्या भाषांत मूल गोंधळलं आहे. तेव्हा एकच भाषा ठेवा, आणि शाळा इंग्रजीच असणार तर इंग्रजीच ठेवा. नर्सरीतल्या बाई हे सांगतात, नात्यातले शिकलेसवरलेले सांगतात, अधूनमधून दवाखान्यातही हे ऐकायला मिळतं. काचीगुडा, बडी चौडी, सुलतान बाजार या पट्ट्यातल्या घरांना तर हा सल्ला लगेच पटतो, कारण चार भाषा तिथे खरोखरच दिवसभर कानावर पडत असतात. सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण या सल्ल्याच्या मागे पुरावा नाही, आणि तो पाळला की ज्याचा तातडीने तपास व्हायला हवा त्याचा तपासच थांबतो. दोष भाषेत सापडला की मुलाचे कान तपासायला कोणी नेत नाही. माझी तक्रार मुख्यतः एवढीच आहे. मराठीचा अभिमान हा वेगळा विषय आहे आणि तो इथे आणायची गरजही नाही.

काचीगुड्याला बहुभाषिकपणा परवा-तेरवा चिकटलेला नाही. निजामाच्या काळात १९१६ साली इथलं रेल्वे स्थानक उभं राहिलं. मनमाडकडे जाणारा मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादवरून जातो, आणि १९५६ पर्यंत ही गावं हैदराबादच्याच राज्यात होती. त्यामुळे तिथल्या मराठी माणसाला हैदराबाद हे परराज्य नव्हतं, राजधानी होती. १९०७ साली इथे विवेकवर्धिनी शाळा निघाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी, कचेरीत उर्दू, पुढे इंग्रजी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, आणि त्या पिढ्या काही मुक्या निघाल्या नाहीत. हा युक्तिवाद पुरेसा नाही, हे मान्य. त्या काळीही काही मुलं बोलली नसतील. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही, घरोघरी त्यांना ‘मंद’ म्हणून बाजूला बसवलं गेलं असेल. पण एवढं तरी यातून दिसतं की भाषांची संख्या हेच कारण असतं, तर या शहरात उशिरा बोलणं हा अपवाद राहिला नसता, तोच नियम झाला असता.

मग ही समजूत आली कुठून? तिच्या मागे एके काळी शास्त्राचं नाव होतं. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १,४०० शाळकरी मुलांची बुद्धी मोजून असा निष्कर्ष काढला की वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं मागे पडतात. फरक दिसला तो खेड्यांतल्या मुलांत. शहरातल्या मुलांत तो जवळजवळ नव्हताच. म्हणजे मोजलं गेलं होतं ते खेडं आणि शहर, गरिबी आणि शाळा. दोष मात्र नोंदला गेला दुसऱ्या भाषेच्या नावावर. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेतली, तेव्हा फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं सरस ठरली. त्यांच्याही निवडीवर पुढे टीका झाली, कारण दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलंच त्यांनी निवडली होती. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांचा अभ्यास केला, तेव्हा कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं फक्त ओडिया बोलणाऱ्यांपेक्षा कमी पडली नाहीत, उलट पुढेच दिसली. याच शहरात, निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध केल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला होता. हा अभ्यास वृद्धांचा आहे. दोन वर्षांच्या मुलाबद्दल तो काही सिद्ध करत नाही, आणि बहुभाषिकतेचे गोडवे गाणारे तो जिथे तिथे वापरतात तेही बरोबर नाही. मुद्दा एवढाच की वेल्समधल्या त्या निष्कर्षाला शास्त्राने कधीच सोडचिठ्ठी दिली. सल्ला देणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोचली नाही.

मूल भाषा शिकायला लागतं ते पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं सहा-आठ महिन्यांचं मूल हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक ओळखतं, पण दहा-बारा महिन्यांचं होईतो ती ओळख पुसट होते, कारण तो फरक त्याच्या कानावर पडत नाही. मराठी घरातल्या मुलाची ती टिकते. म्हणजे नर्सरीच्या बाईंनी सल्ला देण्याच्या दीड-दोन वर्षं आधीच त्या मुलाच्या डोक्यात मराठीची मांडणी सुरू झालेली असते. ते तिथे कोरी पाटी घेऊन आलेलं नसतं. त्याचे शब्द मोजतानाही घोळ होतो. काचीगुड्यातलं एखादं मूल आजीजवळ ‘दूध’ म्हणतं, शेजारच्या अम्मांकडे ‘पालु’ म्हणतं आणि नर्सरीत ‘मिल्क’ म्हणतं. नर्सरी त्यातला एक शब्द मोजते आणि शब्दसंपत्ती कमी असल्याचं कळवते. मायामीमध्ये स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या मुलांचे शब्द १९९३ साली बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा धरून मोजले, तेव्हा ती मुलं एकभाषिक मुलांच्या बरोबरीची निघाली. एकाच भाषेतले शब्द मोजले की तूट दिसते. ती तूट बऱ्याचदा मोजणाऱ्याने निर्माण केलेली असते.

इथे या वादातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, मुद्दा येतो. उशिरा बोलणाऱ्या मुलांत दोन अगदी वेगळी मुलं असू शकतात. एक मूल घरी मराठीत भरपूर बोलतं, ‘बाबा गेले’, ‘मला नको’, ‘भूभू कुठेय?’ असं म्हणतं, पण इंग्रजी नर्सरीत घातल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, तोंड उघडत नाही. नव्या भाषेत आधी ऐकून घेण्याचा हा काळ असतो. तो आजार नाही. दुसरं मूल नर्सरीतही बोलत नाही आणि घरीही बोलत नाही. मराठीतल्या साध्या सूचनाही त्याला नीट कळत नाहीत, किंवा कळतात पण शब्द जुळत नाहीत. त्याला खरी अडचण आहे. ही अडचण कुठल्या एका भाषेत राहत नाही, मुलाला येणाऱ्या प्रत्येक भाषेत ती दिसते. तेव्हा या दोघांना वेगळं ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांची मराठी पाहणं. आणि सल्ला कसला, तर मराठी बंद करा! ज्या मापाने निदान व्हायचं, तेच माप फेकून द्यायचं. सहा महिन्यांनी ते मूल तज्ज्ञाकडे पोचतं तेव्हा त्याची मराठी सुकलेली असते आणि इंग्रजी अजून आलेली नसते. आता ही तूट मुलातली की आपण केलेली, हे सांगणं तज्ज्ञालाही जड जातं. भाषेच्या जाणकाराला मराठीत बघण्यासारखं पुष्कळ असतं. तीन वर्षांचं मूल ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’ म्हणालं, तर त्याने प्रत्यय ओळखून स्वतःचा नियम लावला आहे. ती प्रगतीची खूण आहे. त्याच वयाचं मूल नुसतं ‘घोडा’ म्हणून थांबत असेल, ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’ यांतला फरक त्याच्या बोलण्यात कुठेच उमटत नसेल, तर ती वेगळी खूण आहे. इंग्रजी चित्रांच्या पुस्तकात ‘यलो बॉल’ दाखवायला लावून यातलं काहीच कळणार नाही.

यावर येणारा आक्षेप वजनदार आहे. धडधाकट मुलाला चार भाषा झेपतील, पण ज्याला एकच जड जाते आहे त्याच्यावर दुसरीचा भार कशाला? तर्क म्हणून हे पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते तपासलं गेलं. जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली भाषाविकाराचं निदान झालेल्या सातेक वर्षांच्या फ्रेंच-इंग्रजी मुलांची तुलना तसंच निदान झालेल्या एकभाषिक मुलांशी केली. दोन भाषा असलेल्या मुलांची अडचण अधिक गंभीर नव्हती. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल कॅनडात २००५ साली आणि स्वमग्न मुलांबद्दल २०१२ साली आलेल्या अभ्यासांतही हेच दिसलं: दुसऱ्या भाषेमुळे जास्तीचं नुकसान आढळलं नाही. हे अभ्यास लहान आहेत. पॅराडिस यांच्याकडे दोन भाषांची मुलं आठच होती. शिवाय ते बहुतेक कॅनडातले आहेत, काचीगुड्यातल्या चार भाषांची सर तिथल्या दोन भाषांना येत नाही. त्यामुळे बहुभाषिकतेने अशा मुलाचा फायदाच होतो, असं मी म्हणणार नाही. पण घरची भाषा काढून घेतल्याने मूल सुधारलं, असा पुरावा दुसऱ्या बाजूकडेही नाही. उपचार म्हणून काही सांगायचं, तर सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. औषधाच्या बाबतीत आपण हा नियम पाळतो. भाषेच्या बाबतीत मात्र कोणीही काहीही लिहून देतो.

शिवाय हा सल्ला फुकटचा नाही. मूल भाषा शिकतं ती समोरच्या माणसाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून: त्याने बोट दाखवायचं, आपण त्या वस्तूचं नाव घ्यायचं, त्याने आवाज काढायचा, आपण तो वाढवून परत द्यायचा. मेगन रॉबर्ट्‌स आणि अ‍ॅन कैसर यांनी २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की आईवडिलांना हीच पद्धत शिकवली तर उशिरा बोलणाऱ्या मुलांना फायदा होतो. आता जी आई जन्मभर मराठीत रागावली, लाडावली, कुजबुजली, तिला इंग्रजीत बोलायला सांगून बघा. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘गुड बॉय’. हुकूम उरतात, संवाद संपतो. भुर्र जाणं, मंमं करणं, बाऊ होणं, चिऊ-काऊचं जेवण, गाई करणं हे सगळं गप्प होतं. आजीला तर बोलायची बंदीच होते, आणि ज्या घरात आईबाबा दोघं नोकरीला जातात तिथे दिवसभर मुलाशी बोलणारी तीच एक असते. ही पोकळी भरायला येतो फोन: इंग्रजी ऱ्हाइम्स, रंगांची गाणी, आणि ‘निदान इंग्रजी तरी कानावर पडतंय’ हे समाधान. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. माणूस समोर बसून बोलला तेव्हा बाळं तिचे ध्वनी ओळखू लागली. तोच मजकूर पडद्यावर दाखवला तेव्हा काहीही शिकली नाहीत. एक जिवंत भाषा काढून तिच्या जागी पडदा बसवणं याला कोणी उपचार म्हणत असेल तर म्हणो.

‘पण आमच्या ओळखीत एकांनी मराठी बंद केली आणि चार महिन्यांत मूल बोलायला लागलं.’ अशी उदाहरणं असतात, खोटीही नसतात. दोन वर्षांच्या वयात उशीर दिसलेली बरीच मुलं पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप बरोबरी गाठतात. त्याच सुमारास आईवडील घाबरून फोन काढून घेतात, मुलाशी जास्त बोलायला लागतात, थेरपी सुरू करतात, कानातलं पाणी ओसरलेलं असतं. या पाच-सहा बदलांपैकी श्रेय मिळतं एकाला, कारण तोच सगळ्यात नाट्यमय होता.

पण आपोआप बोलणारी मुलं असतात, या वस्तुस्थितीचा दुसरा गैरवापर थेट मराठी घरातच होतो. ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईतो बोलले नव्हते’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ जड आहे, येईल’. मराठी तोडा म्हणणारे आणि वाट बघा म्हणणारे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण परिणामाने एकाच पक्षाचे आहेत: दोघांमुळेही तपासणी लांबते. कुठलं मूल आपोआप बोलेल आणि कुठलं नाही, हे आधी सांगता येत असतं तर थांबायला हरकत नव्हती. तसं खात्रीने सांगता येत नाही. भाषाविकार शाळेत जायच्या वयाच्या मुलांत सुमारे सात टक्के आढळतो, म्हणजे तीसेक मुलांच्या वर्गात दोन. जन्मतः कायमचा बहिरेपणा हजारी एक ते तीन मुलांत तरी असतोच, आणि त्यात वेळेचं मोल सर्वांत स्पष्ट दिसलं आहे. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत कळला, त्यांची भाषा नंतर कळलेल्यांपेक्षा बरीच पुढे होती. म्हणून जगभर पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मदत असं वेळापत्रक धरलं जातं. अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला ‘मराठी बंद करून सहा महिने बघा’ म्हणणारा या वेळापत्रकाच्या किती बाहेर उभा आहे, ते पाहा. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर कुठलीही भाषा बंद न करता आधी कान तपासायचे. पहिली चाळणी काही मिनिटांत होते, आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी ‘बेरा’ तपासणी मूल झोपेत असताना होते, आणि काचीगुड्याहून कोठीचं कान-नाक-घशाचं सरकारी रुग्णालय काही दूर नाही. मराठी बंद करून वाट बघण्यापेक्षा हे स्वस्तही आहे.

व्यवस्थेकडे बोट दाखवणारा आक्षेप उरतो: इथे मराठी जाणणारे स्पीच थेरपिस्ट कुठे आहेत? कमी आहेत. सोयी मात्र अगदीच नाहीत असं नाही. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आणि २०२१ साली देशात सुरू झालेल्या चौदा एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतलं एक तिथे आहे. वाचा आणि श्रवणासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्रही सिकंदराबादेत आहे. मुंबईत वांद्र्याला असलेल्या त्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानियाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. सिकंदराबादेतल्या थेरपिस्टला मराठी येत नसेल तर अडतं कुठे? आईशी तिचं बोलणं हिंदीत होऊ शकतं. काचीगुड्यातल्या मराठी घराला हिंदी शिकवायला नको. थेरपिस्टचा आठवड्यातला एखादा तास आणि घरातले जागेपणीचे सगळे तास यांत जोर घरावर असतो. पद्धत थेरपिस्टने शिकवायची, मराठी आईने आणायची. ज्या घरात आई तेलुगू आणि बाबा मराठी आहेत, तिथे दोघांनी आपापल्या भाषेत बोलायचं. जे घर खरोखरच हिंदीत किंवा इंग्रजीत नांदतं, त्याने मुलासाठी ओढूनताणून मराठी आणू नये. ते हाच सल्ला उलटा केल्यासारखं होईल.

व्यवस्थेतलं खरं छिद्र दुसरीकडेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याच्या तीस आजार-व्यंगांच्या यादीत श्रवणदोष आहे आणि भाषेचा उशीरही आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि गरज पडल्यास जिल्हा केंद्राकडे रवानगी अशी त्याची रचना आहे. कागदावर जेवढं आहे तेवढं प्रत्यक्षात होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खासगी नर्सरीत जाणारं मूल या कागदावरही नाही. फी भरणाऱ्या मध्यमवर्गीय घराला वाटतं की आपलं मूल जाणत्या हातांत आहे, आणि त्या नर्सरीकडे मुलाच्या बोलण्याची नोंद ठेवण्याची ना सक्ती असते ना साधन. तिथून मिळतो तो फक्त भाषा बदलण्याचा सल्ला. त्या बाईंनी डायरीत ‘घरी इंग्रजी बोला’ लिहिण्याऐवजी ‘कान तपासून घ्या, आणि मूल घरी मराठीत काय काय बोलतं ते लिहून आणा’ एवढं लिहिलं, तरी तज्ज्ञाकडे जाताना आईच्या हातात उपयोगाचा कागद असेल.